फ्रेम

आउलिक्की पियानो जुळवते, नाउवो बेटावर.
डोळ्यांचं काम जन्मापासून कानांकडे.

आज तिला बोटीची वेळ हवी होती.
संगणक म्हणाला, "फ्रेम."
आणि गप्प.
कसली? दार की भिंत?
टॅब दाबत ती आत शिरली:
जाहिरात, नकाशा, बटण, बटण, बटण,
बाहेरची वाट काही सापडेना.
शेवटची बोट सुटली. भोंगा मात्र
स्पष्ट ऐकू आला तिला,
अर्धा स्वर उतरलेला.

तुर्कूत यार्क्कोने तिचं पत्र वाचलं.
स्क्रीन विझवून तेच पान
नुसतं ऐकत बसला,
दुसऱ्या मिनिटाला कानकोंडा झाला.
मग त्या चौकटीला नाव दिलं:
"बोटींचं वेळापत्रक".

दोनच शब्द.
सात वर्षं लिहायचे राहिले होते.