डाव्या पंखावरचा खडू

भोपळ्याला टिचकी मारायची
आणि कान लावून बसायचं,
दस्तगीरचाचांनी शिकवलेलं पहिलं काम हेच.
बारा वर्षांचा होतो.
मिरजेत, तंबोऱ्यांच्या गल्लीत
दुपारभर टकटक करायचो.
"ऐकू आलं?"
"नाही चाचा."
"मग अजून मार. पोकळ जागा बोलते, पण हळू."

चार वाजता बाळगोंडा मगदूम यायचे
बुधगावहून, सायकल ओढत,
आणि पायरीवर
कलकत्त्याचं भांडण काल राहिलं तिथून पुढे चालू व्हायचं.

मगदूम इंजिनवाले. त्यांचं विमान ब्यूफायटर.
"रेडा नुसता," म्हणायचे,
"उठताना एका अंगाला ओढायचा,
दाव्याला हिसका दिल्यासारखा,
पण गोळ्या खाऊन गोठ्यात परत यायचा."
चाचांचं मॉस्किटो. लाकडाचं.
"तुझा रेडा उठेस्तोवर
माझा डास चावून घरी."

मग जागेची गोष्ट निघे.
ब्यूफायटरात वैमानिक नाकाशी,
रडारवाला पार मागे, काचेच्या घुमटाखाली एकटा,
मधे तोफांच्या पेट्या, अंधार,
आणि बोलायला एक वायर.
"वायर तुटली की तो विधुर," चाचा म्हणत.

मॉस्किटोत दोघं शेजारी,
पंगतीत मांडीला मांडी लावून बसावं तसे,
फक्त एक पाट जरासा मागे सरकवलेला,
कारण दोन खांदे एका रेषेत मावत नव्हते.
रडारवाल्यानं रबरी मुखवट्यात तोंड खुपसायचं,
हिरव्या उजेडाचा डाग शोधायचा,
वैमानिकाचं कोपर बरगडीत.
दार उजवीकडे, खाली, चुलीच्या तोंडाएवढं.
"पॅराशूट बांधून त्यातनं निघून दाखव, लेका!
माझा माणूस एकटा बसतो,
पण त्याच्यापाशी त्याचं स्वतःचं दार आहे."

"आणि डिफायंट?" मी एकदा विचारलं,
नाव ऐकलं होतं म्हणून.
दोघंही गप्प.
मग मगदूमांनी कापलेला अर्धा भोपळा उचलून
माझ्या डोक्यावर पालथा घातला.
"असं. मागचा बंदूकवाला यात.
घुमट फिरवणारी वीज गेली, की संपलं."
आत मला माझाच श्वास ऐकू आला.
कुणी हसलं नाही.

उरलेलं चाचांनी एकदाच सांगितलं,
तंबोऱ्याचा गळा जोडताना.
मगदूम त्या दिवशी आले नव्हते.

दुधापासून केलेला सरस होता, म्हणाले,
बंगालच्या दमट हवेत सुटायचा.
मी बोटाच्या पेरानं टकटक करत पंखावरून जायचो.
डाव्या पंखाला, मुळापासून तीन हातांवर
आवाज बसलेला.
खडूनं गोल केला.
साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, सकाळी बघू.
संध्याकाळी कुणीतरी पंख पुसून लख्ख केला.
स्वच्छ विमान
ताशी दोन-चार मैल जास्त पळतं म्हणे.
रात्री चांदणं होतं. चांदण्यातच ते यायचे बॉम्ब घेऊन.

"पडलं?"
चाचांनी सरसाचं भांडं ढवळलं.
"परत आलं नाही.
पडलं म्हणायला कुणी बघायला तर हवं."

बराच वेळ जंक्शनवर कुठलीतरी गाडी शंटिंग करत होती.

"मगदूमचं बरोबर आहे," मग म्हणाले.
"रेडाच बरा. त्याला सांगू नकोस.
पण ते दोघं खांद्याला खांदा लावून होते.
तेवढं तरी मला असू दे."

आता दुकान मी बघतो.
परवा साताऱ्याहून एक तंबोरा आला दुरुस्तीला,
चाचांच्या हातचा, तबली उचकटलेली.
आत, गळ्याच्या सांध्याजवळ,
जिथं कुणाची नजर जाणार नाही, फडकं पोचणार नाही,
खिळ्यानं कोरलेला एक गोल.

तिथं टिचकी मारली.
भरीव.

पुन्हा मारली.