ओंडका क्रमांक एकशे सत्तेचाळीस

नकाशात आता तिथे नुसतं पाईनचं जंगल आहे
आणि वाळूत रुतलेल्या दगडी पायऱ्या,
समुद्रात उतरणाऱ्या,
वर कुठेच न जाणाऱ्या.

हिएक्कानिएमी.
बाप हे नाव दातांत खिळे धरल्यासारखं उच्चारायचा.

जूनमध्ये पीटर्सबर्गहून गाड्या भरभरून यायच्या:
पियानो, समोवार, बर्फाच्या पेट्या, आजारी मुलं.
अठ्ठावन्न बंगले. एकासारखा दुसरा नको
अशी जणू पैजच लागलेली वास्तुविशारदांत.
कुणी छपराला माशाचे खवले दिले,
कुणी व्हरांडाभर रंगीत काच,
आणि त्या लाव्हर येगोरोविचने ग्लाफिराबाईंसाठी
एक मनोरा चढवला, जिना घालायलाच विसरला.
(इथे बाप हसायचा. मग म्हणायचा,
विसरला नसेल. बाईंना उंचीची भीती होती.)

सतराच्या सप्टेंबरात त्या कुलूप लावून गेल्या,
मुरंब्याच्या बरण्यांवर साल लिहून.
मग मधोमध सरहद्द पडली.

पाच वर्षं वाट पाहिली सरकारनं.
मग लिलाव.
बाप तेव्हा एकोणीसचा, हातात रंगाचा डबा:
ओंडक्या-ओंडक्यावर आकडा घालायचा, मग घर उसवायचं,
शिवण उसवतात तसं, वरून खाली,
मालगाडीत रचायचं, आणि आत, दूर आत,
जिथे कुणी समुद्र पाहिलेला नाही,
तिथे पुन्हा जुळवायचं.
कशाचा दवाखाना झाला, कशाची डेअरी.
मनोरा वाघिणीत मावेना. तो तिथेच राहिला.
कोळ्यांनी त्यात जाळी सुकवली,
पुढे लढाईत तोही गेला.

ग्लाफिराबाईंचं घर आमची शाळा झालं.
गलबतं दिसावीत म्हणून कोरलेली ती भली रुंद खिडकी
बटाट्याच्या शेताकडे तोंड करून बसली.
गणिताच्या तासाला मी भिंतीचा रंग नखाने खरवडायचो:
१४५. त्यावर १४६.
१४७ मात्र उलटा, आकडा डोक्यावर उभा.
घरी येऊन बापाला विचारलं.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
"त्या दिवशी घाई होती," म्हणाला,
"आणि वाटलं, कोण बघतंय."

आता शाळाही पाडतायत. पट उरला नाही.
ठेकेदाराच्या पोराकडे यंत्र आहे, डबा नाही.
मी एकच ओंडका मागून घेतला.
अंगणात ठेवलाय, सरळ करून.
उचलताना त्याच्या भेगेतून
चिमूटभर वाळू सांडली
माझ्या बुटावर.