नव्वद वाव

बोर्गहिल्दनं दार वाजवलं तेव्हा
मी गळांना चारा लावत होतो.
तिच्या हातात सरकारी पत्र, त्यात परवानगी
आणि परवानगीहून लांब अटी:
वस्तीपासून दूर, होड्यांच्या वाटेत नको,
भांडं पाण्यात सोडायचं नाही.
खाली सही, शिक्का.
"तुझी होडी पाहिजे," ती म्हणाली.
बंदरात तेरा होड्या आहेत.
मी ते बोललो नाही.

ओड्मुन्द आणि मी अकरा वर्षं बोललो नव्हतो.
धक्क्यावर एकाच नळाखाली मासे धुतले,
एकाच दुकानातून तंबाखू घेतली.
तो आला की मी दोराच्या गाठी तपासायचो,
मी आलो की तो आभाळ.
गाव केवढं? बावीस घरं, एक चर्च,
आणि लाकडी मांडवांवर शेपटीनं टांगलेले कॉड.
वाळता वाळता त्यांनाही आमचा अबोला पाठ झाला असेल.

कारण म्हणाल तर एक दोरी.
त्याचं जाळं माझ्या जाळ्यावर पडलं होतं
की माझं त्याच्या, कोण जाणे.
अंधार होता, लाटा होत्या,
होडी एका कुशीवर कलत चालली होती.
मी सुरी चालवली.
त्याचं जाळं तळाला गेलं, नवंकोरं,
बँकेचं अजून फिटलं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी धक्क्यावर, चारचौघांत,
त्यानं विचारलं, "तूच ना?"
मी म्हणालो, नाही.
पुढे त्यानं काहीच विचारलं नाही.

मार्चची सकाळ, उणे चार.
बोर्गहिल्द, बर्गनहून आलेली लेक गुन्व्होर, तिचे शहरी बूट,
आणि माशांच्या क्रेटमध्ये तो,
घरंगळू नये म्हणून भोवती
त्याचेच लोकरी हातमोजे खोचलेले.
"कुठे?" मी विचारलं.
"तुला माहीत आहे कुठे."

होतं माहीत.
माझं खोली मोजायचं यंत्र जुनं, वावांत मोजतं.
नव्वद वाव.
खाली कुठेतरी ते जाळं अजून असेल,
अजूनही मासे धरत, कुणासाठी नाही.
एवढं पाणी, आणि
एका शब्दापुरता वाव नव्हता आमच्यात.

मी इंजिन बंद केलं. होडी आडवी घेतली.
वाऱ्याकडे पाठ करा, म्हणालो,
हात खाली, पाण्याला टेकेल इतका खाली.
प्रार्थना मला येत नाही, वारा येतो.

राख म्हणजे राख नसतेच.
अर्धी वाळूसारखी, जड, सरळ गेली.
उरलेली पाण्यात तशीच थांबली, पांढुरकी,
गाबोळी फुटावी तशी,
याच महिन्यात कॉड इथं येऊन
अंडी सोडतात तशी, हळूहळू पसरत.
समुद्रपक्षी आले. त्यांना वाटलं, आतडी टाकतोय आम्ही.
दोन फेऱ्या मारून निराश गेले.
गुन्व्होर हसली, मग रडली,
मग नाक पुसायला काही सापडेना तिला.

बोर्गहिल्दनं रिकामी बरणी माझ्याकडे दिली.
मी ती धुतली, चाऱ्याची बादली धुतो तशी, दोनदा.
तेव्हा ती म्हणाली, माझ्याकडे न बघता:
"दोरीचं काय, तो म्हणायचा,
होडी कलती असताना मीही कापली असती."
मग अकरा वर्षं कशाला, मी म्हणालो.
"तू नाही म्हणालास म्हणून."

थर्मासमधली कॉफी कोमट झाली होती.
आम्ही ती प्यालो. पाण्यावरचं पांढरं
हळूहळू इतर पाण्यासारखं झालं.
आता बघायला काही नव्हतं, तरी बघत बसलो.

इंजिन सुरू झालं, खोकलं, मग धडधडू लागलं.
त्या धडधडीखाली, पाण्याकडे तोंड करून,
मी म्हणालो, "हो."
"काय म्हणालात?" गुन्व्होरनं ओरडून विचारलं.
काही नाही, म्हणालो,
पाय वर घे, बुटात पाणी जाईल.