दुभाषी

म्हापशाच्या कोर्टात माझं काम एवढंच:
कोकणी कानात घ्यायची, इंग्रजी तोंडातून काढायची.
मराठी तिथं कुणी मागत नाही.
ती मी संध्याकाळी घरी नेतो, पेडण्याच्या बसमधून.

शुक्रवार होता. खिडकीखाली बाजार,
चवरिसांच्या माळा, सुक्या सुंगटांचा वास,
आणि पिंजऱ्यात पॉल वॉर्ड.
नाव खोटं, पासपोर्ट खोटा,
खरं म्हणावं तर फक्त उन्हानं सोललेलं नाक.
डब्लिनमध्ये त्याला फिंटन म्हणतात.
तिथल्या दोन टोळ्यांत आठ वर्षांचं वैर,
कुणाची पावडर कुणाच्या गल्लीत, इथून सुरू झालेलं;
आता कशावरून, ते त्यांनाही सांगता येत नाही.
कागद असं म्हणतात. मी कागदाबाहेर जात नाही.

खून तिकडचा. तो खटला तिकडे चालेल,
दिल्लीहून फाइल हलली की.
इथं फक्त खोट्या कागदांचा गुन्हा.
एकोणीस वर्षांचा पोरगा गेला, तोही भावाच्या जागी,
भावाचं जाकीट घातलं होतं म्हणून.
पण आमच्यापुढं प्रश्न एकच: शिक्का कुठला?

साक्षीदार रोझालिना ब्रागांझा, शिवोली, घरमालकीण.
चांगली साडेतीन वर्षं तिनं त्याचे कपडे धुतले.
"ओळखता?"
"वळखतां."
"कसा होता?"
सरकारी वकिलाला हा प्रश्न विचारायचा नव्हता,
जीभ घसरली.
"तो वायट नासलो, सायबा.
माजरांक नुस्तें घालतालो.
रातचें दार तीन फावट पळयतालो."
मी सांगितलं: वाईट नव्हता. मांजरांना मासे घालायचा.
रात्री दार तीन वेळा बघायचा.
न्यायाधीशांनी चष्मा पुसला.
टंकलेखकाला म्हणाले, "मांजरं नको."
मांजरं गेली.
दार राहिलं, फरारी असल्याची खूण म्हणून.
पिंजऱ्यातला माणूस तेवढ्यात खाली बघू लागला,
पश्चात्ताप म्हणा, पाय दुखत असतील म्हणा,
त्याचं भाषांतर माझ्याकडे कुणी मागितलं नाही.

पुढची तारीख चौदा. पंखा बंद.

व्हरांड्यात तिसऱ्या बाकावरची बाई आडवी आली.
ऑर्ला. त्या पोराची बहीण.
पर्समध्ये फोटो, कडा मऊ झालेल्या;
एवढे हात लागले की फोटोलाही कापडपण येतं.
"त्या म्हाताऱ्या बाई आणखी काय म्हणाल्या?
तुम्ही लांब बोललात, त्यांनी लिहिलं थोडं."
शपथ नव्हती, शिरस्तेदार नव्हता.
मी मांजरं सांगितली.
ती हसली नाही, चिडलीही नाही.
म्हणाली, "दार आम्हीही बघतो. आई तर पाच वेळा."

तेवढ्यात रोझालिना छत्री टेकत आली.
"ही कोण रे?"
मी सांगितलं. जाकिटाचंही सांगितलं.
तिनं फोटो हातात घेतला नाही,
फक्त वाकून बघितला,
तांदळातला खडा बघावा तसा, जवळून.
मग बराच वेळ बाजाराकडे तोंड करून उभी.
कुणीतरी ओरडत होतं, "शंभराक तीन, शंभराक तीन."
तीन महिन्यांचं भाडं राहिलंय,
हे ती सकाळपासून चारदा बोलली होती.
आता बोलली नाही.
शेवटी मला म्हणाली:
"तिका सांग,
तीं माजरां हांव आतां पोसचीं ना."

ऑर्ला माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
बावीस वर्षांची नोकरी,
एक शब्द कधी गाळला नाही:
शिव्या नेल्या, बलात्काराच्या जबान्या नेल्या,
एका बापाचं रडणं शब्दांच्या मध्ये जागा सोडून नेलं.
"त्या म्हणतात, सांभाळून जा," मी म्हणालो.

वाक्य अजून माझ्याकडेच आहे.
बसमध्ये शिवोलीच्या पुलावर ते मराठीत करून बघितलं.
होतं. सरळ होतं.
अडचण भाषेची नव्हतीच.