खचू द्या

इथे शाळा होणार आहे.
सध्या नुसता वाळूचा ढीग,
चार मीटर उंच, शेताएवढा लांब,
आणि त्यावर कुणीच राबत नाही.

सायकली थांबवून लोक विचारतात,
काम बंद पडलं का?
वीत्स्के म्हणते, छे, रात्रंदिवस चालू आहे.

खाली हजार वर्षांचं कुजकं गवत
ओझ्यानं चेपतंय.
पावलापावलावर टोचलेल्या फितींतून
चहाच्या रंगाचं पाणी वर येतं,
चरात उतरतं, कालव्याला मिळतं.
एवढाच काय तो आवाज.

दर सोमवारी ती खांबाशी वाकते.
अकरा मिलिमीटर.
नऊ.
पुन्हा नऊ, तेव्हा दिवसभर ती कुणाशी बोलली नाही.
मग सात. ताप उतरावा तसे आकडे.

बुलडोझरवाला च्येर्ड कुरकुरतो :
मी ओतायचं, जमिनीनं गिळायचं,
वर तू म्हणायचं, आणखी ओत.
पण ओततो.
त्याच्या बापाचं घर पलीकडेच आहे,
एका उन्हाळ्यात घाईनं उठवलेलं.
स्वयंपाकघरात वाटाणा सांडला
तर आपला आपण दारापाशी जातो.
लहानपणी ती त्याची गंमत होती.
आता आई भिंत धरून चालते.

वसंतात ही वाळू ट्रकांत बसून
पुढच्या गावाला जाईल.
ओझं उतरलं तरी जमीन
फारशी वर यायची नाही,
तिथेच राहील, दबलेली, तयार.

काल सपाट केलेल्या माथ्यावर
च्येर्डनं खिशातून वाटाणा काढून ठेवला.
वाळूत कुठला घरंगळतोय!
वीत्स्के हसली नाही.
वाकून बघितलं,
वहीत लिहिलं : चार.