उणे

पप्पांचे शब्द गेले ते खडकी बाजारात,
दोडक्याचा भाव करताना.
अर्ध्या वाक्यात. दोडका हातातच राहिला.
उजवा हात, उजवा पाय
आणि चौऱ्याहत्तर वर्षांची मराठी
एकदमच खाली बसली.

देवस्थळी बाई दर मंगळवारी चित्रं दाखवतात.
केळं. कात्री. छत्री.
पप्पा छत्रीकडे बघतात,
ओळखीच्या माणसाचं नाव आठवेना
तसे ओशाळून.
मग बाईंनी माझ्याकडे बोट केलं, ही कोण?
माझं नाव सुवार्ता.
त्यांनीच ठेवलेलं, आईशी भांडून.
ओठ हलत राहिले नुसते.

बाई म्हणाल्या, पाठ केलेलं वेगळ्या कप्प्यात असतं,
पाढे, आरत्या, शिव्या.
यांचं काही पाठ होतं का?
मला हसू आलं.
फॅक्टरीच्या पहिल्या भोंग्याआधी
छत्तीस वर्षं हा माणूस शास्त्र मोठ्याने वाचायचा
आणि आम्ही उशीखाली डोकं खुपसायचो.

त्या रात्री मेंढपाळाचं स्तोत्र काढलं.
मी वाचायचं आणि ओळ अर्ध्यात सोडायची,
झोका सोडावा तशी.
पहिल्या रात्री काही नाही.
दुसऱ्या. नवव्या.
बाराव्या रात्री फाटकावरून मालगाडी गेली,
तिचा शेवटचा डबा विरेपर्यंत मी थांबले होते,
आणि पप्पा म्हणाले, स्पष्ट,
उणे.

शेजारच्या रणदिवे काकू धावत आल्या,
त्यांना वाटलं गेले.

मग सगळंच उणे झालं.
पाणी हवं, उणे. पंखा नको, उणे.
पाळक भेटायला आले, त्यांनाही उणे.
एकाच पान्याने घरातले सगळे नट फिरवावेत
तसे ते त्या एका शब्दावर दिवस ढकलत.

एका शनिवारी मी ओरडले.
चादर तिसऱ्यांदा बदलली होती, औषधवाल्याची उधारी होती,
नोकरीवरून पत्र आलं होतं.
हो पप्पा, उणेच आहे! सगळंच उणे आहे इथे!
पडणार नाही म्हणून कुणी लिहिलं होतं?
त्यांनी डावा हात उचलला.
अंगठा आणि तर्जनीत
केसाएवढी फट धरली माझ्यासमोर.
लेथवरची खूण. टर्नरची.
एवढंच उणे. एवढं चालतं.
जॉब पास होतो.

(किंवा चहात साखर कमी हवी होती.
मला अजून नक्की कळलेलं नाही.)

रात्री शास्त्र मिटताना समासात त्यांचं अक्षर दिसलं,
ड्रॉइंगवर खुणा करायच्या जाड पेन्सिलीचं.
आई गेली ती तारीख.
बोट कापलं ती.
मी दहावीला गणितात नापास झाले, तीसुद्धा.
आणि दरीच्या ओळीशेजारी, तारीख नसलेलं,
आज जमलं नाही. उद्या.
एवढंच. आमेनसुद्धा नाही.

ती ओळ मी शंभरदा ऐकली असेन उशीखालून.
पहिल्यांदा लक्षात आलं,
त्या दरीतून कुणी धावत नाही,
कुणाला कुणी उचलूनही नेत नाही.
चालायचंच असतं.
फक्त अंधारात शेजारी
आणखी एक काठी वाजत असते.

पलंगापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं आहेत.
आज चार झाली.
पाचव्याला गुडघा मुडपला
आणि आम्ही दोघंही फरशीवर बसलो,
वॉकर आमच्यावर वाकलेला,
त्यांचा घाम माझ्या खांद्यावर.
खिडकी तिथेच होती, सात पावलांवर,
तिच्यातून मुळेचा वास येत होता.

मी म्हटलं,
आज जमलं नाही,
आणि वाक्य अर्ध्यात सोडलं.

लांब फॅक्टरीचा भोंगा झाला.
मी थांबले.