दोन पांढरे, एक काळा

वाटणी झाली तेव्हा
थियोक्तिस्तीच्या वाट्याला काळं आलं,
मांदिलारिया:
जाड सालीचं, टपोरं, ओलीला न भिणारं.
धाकट्या स्तामातिसला पांढरं.
मध्ये कमरेएवढा दगडी बांध
आणि बांधावर एक मांजर,
कुणाच्याच वाट्याला न आलेलं.

पारोसवर वेलींना मांडव नसतो.
मेल्तेमी वारा काही उभं राहू देत नाही,
म्हणून वेली जमिनीला अंग टाकून देतात,
पोटावर सरपटत पाच-पाच हात जातात,
नि घड भरायला लागले की
त्यांच्या मानेखाली दगडाची उशी द्यावी लागते.
हे काम तिचं. गुडघ्यांवर. जुलैभर.

बेटावरच्या तांबड्या वाइनचा जुना हिशेब:
दोन पांढरे, एक काळा.
काळ्याकडे रंग इतका, की उधळला तरी सरू नये,
पण गोडवा बेताचा,
आणि जीभ धरून ठेवायची खोड.
पांढऱ्यानं त्याला समजुतीनं घ्यायचं.

एकवीस वर्षं बहीणभाऊ बोलले नाहीत.
एकवीस वर्षं, सप्टेंबर लागला की
पहाटे बांधावर पांढऱ्याच्या टोपल्या असायच्या.
नाताळाआधी ती त्याच टोपल्यांत बाटल्या भरून ठेवायची,
मोजून.
एक जास्त नाही, एक कमी नाही.

यंदा टोपल्या आल्या नाहीत.
स्तामातिसनं रान विकलं म्हणे,
अथेन्सच्या कुणा दंतवैद्याला.
तिथं आता पोहायला निळी टाकी खणताहेत,
समुद्र इथून दिसत असताना.
मांजर बांधावरच.

तिनं नुसतं काळं तुडवलं.
हात मनगटापर्यंत जांभळे, लिंबानंही जाईनात;
रविवारी चर्चमध्ये ते खिशात घालून उभी राहिली.
फेब्रुवारीत पिंपाची खुंटी काढली.
पेला दिव्यासमोर धरला तर दिवाच दिसेना.
पहिल्या घोटाला गाल आत ओढले गेले,
जीभ टाळूला जाऊन बसली.
'मेल्या,' ती म्हणाली, बऱ्याच वेळानं.
वाइनला की कुणाला, ते तिलाच ठाऊक.

मग एक बाटली भरली, बुचावर मेण ओतलं,
आणि मेण थिजल्यावर लक्षात आलं
की भावाचा पत्ता आपल्याकडे नाही.
कधी लागलाच नव्हता.

चढावर बस थांबली.
'द्या, शोधतो,' झान्नीस ड्रायव्हर म्हणाला,
नि बाटली त्यानं सीटखाली आडवी ठेवली.